क्नाइफ

मंगळवारी आणि गुरुवारी, साडेसहाला,
चर्चच्या तळघरातला हीटर खोकायला लागला
की आमचा वर्ग सुरू होतो.
बाहेर उणे एकतीस. अल्बर्टाचा माळ,
आणि त्यावर एकच दिवा लावलेलं गाव असावं
तसा तो मांसाचा कारखाना.
दुसरी पाळी आत गेलेली असते.
पहिली इथे, माझ्यापुढे,
रविवारच्या शाळेतल्या पोरांच्या खुर्च्यांवर,
गुडघे टेबलाला टेकलेले,
तीनदा धुतलेल्या हातांना अजून चरबीचा वास.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर सुरी लिहिली.
सोपा शब्द म्हणून. रोज हातात असते म्हणून.
एह डोने वाचलं : क्नाइफ.
म्हटलं, पहिला के बोलत नाही.
'मग उभा कशाला?'
म्हटलं, फार पूर्वी बोलायचा. लोकांनी उच्चारायचं सोडलं,
लिहायचं तेवढं राहून गेलं.
मागून अचोल म्हणाली,
'लाइनवर मी पण के.'

माझ्याकडे एक छापील तक्ता आहे, चांगल्या वाचकाच्या सवयींचा.
चित्र बघा, अंदाज करा.
अडलेला शब्द ओलांडा, पुढे चला.
मी तो मोठ्याने वाचून दाखवते, दर सत्रात, त्याच आवाजात.
लेतेब्रहान कधी हात वर करत नाही. त्या दिवशी केला.
'चित्र बघितलं होतं, टीचर.
बाटलीवर लिंबू होतं. पिवळं. पानासकट.
पाण्यात घालून मुलाला दिलं.'
कुणी पान उलटलं नाही.
'भांड्यांचा साबण. रात्रभर तोंडातून फेस.'
मग तीच हसली,
म्हणून आम्हाला हसता आलं.

घरी जाऊन मी तक्त्यावरची पहिली ओळ खोडली.
गुरुवारी पुन्हा लिहिली.
चित्राशिवाय त्यांनी सुरुवात तरी कुठून करायची?
मला वाचता यायला कधी लागलं, आठवत नाही.
माशाने पोहायला शिकवावं
तशी मी शिकवते : हे बघा, असं. सोपं आहे.

मार्चमध्ये एह डो लवकर आला.
जॅकेटच्या आतल्या खिशातून कागद काढला,
घड्यांवर फाटत आलेला, तीन वर्षांपूर्वीचा.
बोट शिवलं त्या दिवशी ऑफिसात
दाखवतील तिथे सही केली होती.
'आज मी वाचतो. तू फक्त ऐक.'
ओळीखाली तो तेच बोट धरून होता,
एक पेर कमी असलेलं.
तारीख. नाव. नावात एक अक्षर चुकलेलं, ते त्याने दाखवलं.
मग एक लांबलचक शब्द.
'ओलांडू?'
नको, म्हटलं. इथे नको.
तोडून तोडून वाचला त्याने तो, हाडावरून मांस सोडवावं तसा.
दुखापत.
मग झाली.
मग कुठे, ते.
होम, त्याने वाचलं. बिनचूक.
शेवटचा ई बोलत नाही, हे आता सांगावं लागत नाही त्याला.
घर आम्ही दुसऱ्या धड्यात केलं होतं :
दार, खिडकी, चिमणीतून धूर, बाहेर कुत्रा.

'बरोबर वाचलं?'
बरोबर, म्हटलं मी.
इतकी वर्षं शिकवते आहे,
विद्यार्थी चुकला असता तर बरं,
असं त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

जिन्यावर बाकीच्यांचे बूट वाजायला लागले.
लेतेब्रहानने टोपीवरचा बर्फ झटकला.
एह डोने कागद आतल्या खिशात नाही ठेवला,
समोर टेबलावर पसरला, तळव्याने सपाट केला,
माझी पेन्सिल घेतली
आणि होमच्या आधीच्या कोऱ्या जागेवर टोक टेकवून थांबला.

'नॉट,' तो म्हणाला. 'त्याच्या पुढे के असतो का?'

एक नॉट असतो तसा, म्हटलं. दोरीच्या गाठीचा.
तुला हवा आहे त्याला नाही.
त्यात तीनच अक्षरं आहेत
आणि तिन्ही बोलतात.